समोर कोण, मध्ये कोण

फाइल एका फोनमधून दुसरीकडे न्यायला कोणतं अ‍ॅप चांगलं, यावरून घरात भांडण होईल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्या दोघांत ते झालं त्यांचे व्यवसाय पाहता ते कधीतरी व्हायचंच होतं. एकाचा कराडला फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या काउंटरवर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म, मागच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमधलं काही ना काही आपल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणं हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. दुसरी त्याची भाची. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे इतरांनी बनवलेली अ‍ॅप कुठे मोडतात हे शोधण्याचा पगार घेते. मी त्या स्टुडिओचा जुना गिऱ्हाईक. वाद ऐकला तसा मांडतो आहे. मधूनमधून मीही नाक खुपसलं आहे, तेवढं वाचकांनी सोसावं.

मामा : माझी अट एकच. काउंटरपलीकडच्या माणसाच्या फोनमध्ये जे आधीपासून आहे, तेच चाललं पाहिजे. जूनमध्ये अ‍ॅडमिशन सुरू झाल्या की इथे पायरीपर्यंत रांग असते. त्यातल्या एकेकाला ‘आधी हे अ‍ॅप घ्या, मग ते चालू करा’ असं सांगत बसलो तर रांग शेजारच्या दुकानात जाईल. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. भिंतीवर नंबर लिहिलाय, व्हॉट्सअ‍ॅप करा.

भाची : माझीही अट एकच आहे, मामा. दोन माणसं हातभर अंतरावर उभी असताना त्यांच्या फाइलने तिसऱ्याच्या दारावरून का जावं? तुझ्यासमोरच्या बाईंनी पाठवलेला फोटो टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या सर्व्हरवर, आणि मग परत तुझ्या टेबलावर येतो. नेट गेलं की दोघं एकमेकांकडे बघत बसता. फाइल त्या बाईंच्या हातात आहे आणि तुला मिळत नाहीये!

मामा : नेट रोज जात नाही. आणि आलेला फोटो दोन सेकंदांत येतो.

भाची : कसा येतो ते सांग की.

मामा : ते तू मला शिकवू नकोस, माझा धंदा आहे तो. बारा बाय अठराची फ्रेम करायची तर तीनशे डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. अठरा इंचांवर सोळाशे पिक्सेल पसरायचे म्हणजे इंचाला नव्वदसुद्धा पडत नाहीत. वर्षश्राद्धाला आजोबांचा फोटो लावायचा आणि मिशी कुठे संपते, गाल कुठे सुरू होतो ते कळू नये, असं होतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट जशीच्या तशी येते. २०२२पासून दोन जीबीपर्यंतची फाइल जाते, पूर्वी शंभर एमबीवर अडायची.

भाची : आणि ते किती जणांना जमतं?

मामा : थोड्यांना. बाकीच्यांचा फोन मी हातात घेतो आणि मीच पाठवतो.

भाची : म्हणजे तुझी अट इथेच गळाली. अ‍ॅप समोरच्याच्या फोनमध्ये आहे, पण हवं तसं पाठवणं त्याला येत नाही. फोन हातात घ्यायचाच आहे तर क्विक शेअरचं बटण दाब ना. तेही त्याच फोनमध्ये आहे.

मामा यावर लगेच काही बोलला नाही. त्याला क्विक शेअर माहीत होतं. त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यालाही कारण होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने एका अ‍ॅपवर असाच जीव टाकला होता.

मामा : तुला ब्लूटूथचे दिवस आठवणार नाहीत. मोबाईल शॉपीवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असायची. घरात एकाच्या फोनमध्ये गाणी भरली की बाकीचे ब्लूटूथने घ्यायचे. ब्लूटूथवर सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट जातात. गाणं जायचं. एक जीबीचा व्हिडिओ पाठवायला बसलं तर तासाच्या वर जायचा, आणि मध्ये कुणाचा फोन वाजला की पहिल्यापासून सुरू. मग शेअरइट आलं. इंटरनेट नको, वायर नको, वायफायवरून थेट या फोनमधून त्या फोनमध्ये. तोच व्हिडिओ चहा येईपर्यंत पोचलेला. झेंडरही तसंच. आणि मुख्य म्हणजे दोन्ही सगळ्यांकडे होती. वऱ्हाडातल्या कुणालाही विचारा, ‘शेअरइट आहे का?’ कुणी नाही म्हणायचं नाही. मला याहून जास्त काय पाहिजे?

भाची : ते शेवटी कसलं अ‍ॅप झालं होतं, आठवतंय? पाठवायचं बटण शोधावं लागायचं. वर जाहिरात, खाली जाहिरात, मध्ये गेम, बाजूला कुणाकुणाचे नाचाचे व्हिडिओ. फाइल पोचवायला आलेल्या पाहुण्याने ओसरीत बाजार मांडला होता.

मामा : फुकट होतं गं.

भाची : म्हणूनच. फाइल देणं-घेणं हे दिवसातल्या दोन मिनिटांचं काम. त्यातून पैसे मिळवायचे तर माणसाला उरलेला वेळ अ‍ॅपमध्ये अडकवून ठेवावं लागतं. २९ जून २०२० ला सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. तू तेव्हा चिडला होतास.

मामा : चिडलो होतो आणि अजूनही चिडतो. गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली आणि दोन आठवड्यांत यादी आली. टिकटॉक गेलं त्यावर सगळे बोलले. माझ्या धंद्याचं हत्यार गेलं त्यावर कुणी बोललं नाही.

भाची : चिनी म्हणून काढलं ते बरोबर की चूक, हा वाद मी घालत नाही. मला अडचण वेगळी दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं की शेअरइटच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये अशा फटी आहेत, की फोनमधलं दुसरं एखादं लबाड अ‍ॅप त्यांतून घुसून शेअरइटच्या परवानग्या वापरू शकेल. आणि त्या अ‍ॅपला परवानग्या किती? स्टोअरेज, कॅमेरा, लोकेशन, सगळं. अब्जावर डाउनलोड झालेलं अ‍ॅप. त्यांनी कंपनीला कळवलं, तीन महिने वाट पाहिली आणि उत्तर न आल्यामुळे जाहीर केलं. त्याच कंपनीने फाइल पाठवण्यापुरतंच साधं अ‍ॅप ठेवलं असतं तर त्याला एवढ्या परवानग्या लागल्याच नसत्या.

इथे मी माझं नाक खुपसलं. मी म्हटलं, लोकेशनबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगायला हवी. जुन्या अँड्रॉइडवर आसपासची वायफाय उपकरणं शोधायची तर अ‍ॅपला लोकेशनची परवानगी मागावीच लागायची, कारण आजूबाजूच्या वायफायवरून माणूस कुठे आहे हे काढता येतं. त्यामुळे सज्जन आणि लबाड दोघंही एकच प्रश्न विचारायचे, आणि आपल्याला त्यांच्यात फरक करता यायचा नाही. अँड्रॉइड १३पासून जवळच्या उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली आहे. तेव्हा आज नव्या फोनवर एखादं फाइल पाठवणारं अ‍ॅप लोकेशन मागत असेल तर त्याला ‘कशासाठी?’ असं विचारायला जागा आहे. कॉन्टॅक्ट आणि एसएमएस मागत असेल तर विचारायचीही गरज नाही, काढून टाकावं. भाचीने मान डोलावली. मामा म्हणाला, तुम्ही दोघं एका बाजूला झालात.

भाची : बंदीनंतर तू काय केलंस ते सांग आता काकांना.

मामा : काय करणार? एकाकडून शेअरइटची एपीके फाइल घेतली आणि चालवत राहिलो वर्षभर.

भाची : बघा! प्ले स्टोअरवरून गेलेलं अ‍ॅप, कुणीतरी कुणाकडून घेतलेली एपीके, तिला अपडेट नाही, आत कुणी काय घातलंय ते माहीत नाही, आणि ती दुकानाच्या फोनमध्ये. आता तर लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फिरतात. उघडली की बँकेचे ओटीपी वाचायला लागतात. तुझ्याकडे लग्नाची माणसं येतात, तुला तर रोज पत्रिका येत असतील.

मामा : पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो असतो, एवढं मला कळतं. पण तुझा मुद्दा मान्य. माझा मुद्दा तसाच राहतो. शेअरइट गेल्यावर सगळ्यांकडे असेल असं एकच एक काही उरलं नाही, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलो.

मामाच्या या वाक्यात बरंच खरं आहे. बंदीनंतर ‘भारतीय शेअरइट’ म्हणवणारी अ‍ॅप आली, पण तितकं घरोघरी कुठलंच पोचलं नाही. याच कामाची सोय दरम्यान फोन बनवणाऱ्यांनीच फोनमध्ये आणली होती, आणि तिची जाहिरात फारशी कुणी केली नाही. अ‍ॅपलचं एअरड्रॉप २०१३पासून आयफोनवर होतंच. गूगलने ऑगस्ट २०२० मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बंदीनंतर थोड्याच आठवड्यांनी, निअरबाय शेअर आणलं. सॅमसंगचं क्विक शेअर वेगळं होतं. जानेवारी २०२४ मध्ये गूगल आणि सॅमसंगने दोन्ही एक केली आणि नाव सॅमसंगचं ठेवलं. म्हणजे चार वर्षांत त्याच बटणाचं नाव बदललं. अशाने माणसाच्या तोंडी ते बसणार कसं? ‘शेअरइट कर’ असं लोक म्हणायचे. ‘क्विक शेअर कर’ असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.

भाची : नाव जाऊ दे. काम कसं होतं ते बघ. दोन्ही फोन ब्लूटूथने एकमेकांना शोधतात, कारण त्याला बॅटरी कमी लागते. ओळख पटली की फाइल वायफायवरून थेट जाते. मध्ये राउटर नाही, सर्व्हर नाही, जाहिरात नाही. समोरच्याला काही घ्यायचं नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर गूगलचं विंडोजसाठीचं क्विक शेअर एकदा टाकून ठेव. कॉम्प्युटरला ब्लूटूथ नसेल तर छोटा डोंगल लाव. गिऱ्हाइकाने फोटो निवडायचे, शेअर दाबायचं, तुझ्या दुकानाचं नाव दिसेल त्यावर बोट ठेवायचं. बारा बाय अठराची मिशी जशीच्या तशी येईल.

मामा : आणि समोर आयफोनवाला आला तर?

भाची : तर अडचण आहे.

मामा : अडचण आहे म्हणजे?

भाची : आयफोन एअरड्रॉप बोलतो, तुझं विंडोज ते बोलत नाही. २०२५च्या नोव्हेंबरात गूगलने पिक्सेल १० फोनांतल्या क्विक शेअरला एअरड्रॉपशी जोडून दाखवलं. आयफोनवाल्याने एअरड्रॉप दहा मिनिटांसाठी ‘एव्हरीवन’वर ठेवायचं, की फाइल जाते आणि येते. पण तुझ्या रांगेत पिक्सेल १० किती?

मामा : एकही नाही. आयफोन मात्र आहेत. कॉलेजची पोरं हप्त्यावर का होईना पण आयफोन घेतात. अमेरिकेहून लग्नाला आलेल्या मंडळींकडे तर तोच. आणि त्यांचे फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात असतात, ते जुन्या विंडोजवर उघडतही नाहीत. म्हणजे तुझं अंगचं बटण हे आपापल्या जातीपुरतं. अँड्रॉइडचं अँड्रॉइडला, अ‍ॅपलचं अ‍ॅपलला. शेअरइटने ही भिंत मोडली होती. ते वाईट होतं, पण भिंत त्याने मोडली होती.

मला हा मामाचा सगळ्यात जोरकस मुद्दा वाटला. कंपन्यांनी सुरक्षित सोय दिली ती आपल्या कुंपणाच्या आत. कुंपणापलीकडे माणूस माणसाच्या शेजारी उभा असूनही परका. त्या फटीत जाहिरातवाल्यांनी दुकान मांडलं आणि आपण तिथे गर्दी केली.

भाची : भिंत मोडणारं दुसरं आहे, आणि त्यात बाजार नाही. लोकलसेंड. मुक्त-स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून बघू शकतं. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालतं. खातं काढायचं नाही, नंबर द्यायचा नाही, जाहिरात नाही. दोन्ही उपकरणं एका वायफायवर असली की एकमेकांना दिसतात, आणि फाइल त्या वायफायच्या आतच फिरते. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

मामा : ते मी मागच्या खोलीत लावलंय.

भाची : तू? कधी?

मामा : तुला सांगितलं असतं तर तू मला शहाणा म्हणाली असतीस. हळदीचे व्हिडिओ वऱ्हाडातल्या पोरांच्या फोनमध्ये असतात, आमचा कॅमेरा तेव्हा नवरदेवावर असतो. ते गोळा केल्याशिवाय फिल्म रंगत नाही. पहिल्यांदा कार्यालयाच्या वायफायवर लावून बघितलं, कुणी कुणाला दिसेना. मग कळलं की तसल्या वायफायवर एका फोनने दुसऱ्याला बघू नये असंच मुद्दाम करून ठेवलेलं असतं. आता मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावतो, डेटा बंद ठेवतो आणि पोरांना त्यावर घेतो. मागच्या कॉम्प्युटरवरही अडलं होतं. विंडोजने आमचं वायफाय ‘पब्लिक’ धरलेलं, आणि त्याची फायरवॉल कुणाला आत घेईना. ‘प्रायव्हेट’ केल्यावर चालू झालं.

भाची : मग काउंटरवर का नाही लावत?

मामा : कारण मागच्या खोलीत येणारी चार पोरं असतात, त्यांना वेळ असतो आणि त्यांना त्यांचा नाच फिल्ममध्ये पाहिजे असतो. ती अ‍ॅप घेतात. पुढे सातबारा काढायला आलेल्या म्हाताऱ्या बाबाला मी लोकलसेंड घ्यायला सांगू? त्याच्या फोनमध्ये जागा नसते, नातवाने प्ले स्टोअरला कुलूप लावलेलं असतं, आणि बाहेर एसटी सुटत असते. पुन्हा तेच सांगतो, समोर कोण आहे त्यावर अ‍ॅप ठरतं.

वायरचा विषय मीच काढला, कारण मला अजून वायर आवडते. मामाच्या टेबलाखाली वायरींचा गुंताडा आहे : जुन्या फोनांची मायक्रो यूएसबी, आताची टाइप-सी, २०२३च्या आधीच्या आयफोनांची लाइटनिंग. वायरीला परवानगी लागत नाही, वायफाय लागत नाही. तरी तिची कटकट आहेच. वायर जोडली की अँड्रॉइड नुसता चार्ज होत बसतो, नोटिफिकेशन ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं, आणि हे न कळल्याने वायर बिघडली असं समजून लोक निघून जातात. कधी वायर खरंच नुसत्या चार्जिंगची निघते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. पेन ड्राइव्ह मामाने काउंटरवर बंद केला आहे. एकाच्या पेन ड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसने सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले की पुढच्या प्रत्येकाचा पेन ड्राइव्ह बाधतो. लग्नाची फिल्म मात्र तो स्वतःच्या नव्या पेन ड्राइव्हवर देतो, आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून, कारण फॅट३२ वर चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही. बाकी वायरीवर मला जास्त काही सांगायचं नाही. मोठ्या कामाला तिच्याइतकं भरवशाचं काही नाही, आणि काउंटरवर ती कुणाला नको असते.

मामा : आता मी तुला एक विचारतो. ही तुझी क्विक शेअर आणि कंपनी, यांत फटी नसतात?

भाची : असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेफब्रीच या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी क्विक शेअरमध्ये दहा फटी दाखवल्या, एक सोडून सगळ्या विंडोजवरच्या. त्यांतल्या काही साखळीने जोडल्या तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम चालवता येत होता. गूगलने त्या बुजवल्या. फट कुणाकडे नाही असं मी म्हणतच नाही. कळवल्यावर कोण बुजवतं, हे मी बघते. आणि तू दुकानातलं क्विक शेअर दिवसभर ‘एव्हरीवन’वर उघडं ठेवलंस तर मी तुझ्याशी पुन्हा भांडेन.

मामा : आणखी एक. तू म्हणतेस मूळ फाइल द्या, मूळ फाइल द्या. मूळ फोटोबरोबर तो कुठे काढला तेही जातं. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर समोरच्या बाईंच्या अंगणाचे अक्षांश-रेखांश माझ्या कॉम्प्युटरमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवरचा साधा फोटो मेला मिशी पुसतो, पण हेही पुसतो!

भाची हसली. हा मुद्दा तिच्याकडून यायला हवा होता, असं तीच म्हणाली. पण तिथूनच ती ज्या गोष्टीवर आली, ती मला या सगळ्या वादात मोलाची वाटली.

भाची : मामा, तुझ्या दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आत्ता किती लोकांची आधार कार्डं आहेत?

मामा : मोजली नाहीत.

भाची : फोन दे.

फोन तिने हातात घेतला नाही, मामानेच गॅलरी उघडून समोर धरली. बोटाने वर सारत गेलं तरी संपेना. आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, दहावीचं मार्कशीट, जातीचा दाखला, कुणाच्या मुलीचा पासपोर्ट साइज फोटो, पुन्हा आधार. गॅलरीत आलेलं सगळं आपोआप मामाच्या गूगल खात्यातही बॅकअप होत होतं. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं होतं, त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये वेगळ्या प्रती. तो कॉम्प्युटर दुपारी मामा जेवायला गेला की कामावरचा मुलगा चालवतो.

भाची : व्हॉट्सअ‍ॅप वाटेत कुलूपबंद असतं, मला मान्य आहे. कंपनीलाही फाइल उघडून बघता येत नाही. मी मघापासून मध्ये कोण आहे यावर भांडत होते. पण या बाबतीत मधल्याचा दोष नाही. फाइल पोचली, प्रिंट निघाली, दहा रुपये मिळाले, माणूस गेला, आणि त्याचं आधार इथे राहिलं. आज तू चांगला आहेस. उद्या हा फोन बसस्टँडवर हरवला तर?

मामा : मग क्विक शेअरने घेतलं तरी ते डाउनलोड्समध्ये राहणारच की.

भाची : राहणारच. पण एकाच ठिकाणी राहील. रात्री शटर ओढताना तो एक फोल्डर पुसता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चार जागी पसरतं.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या कार्यालयाने एक सूचना काढली होती : आधारची प्रत कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवलंच तर तिथली प्रत कायमची पुसा. गहजब झाला आणि दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली, कारण तिचा गैरअर्थ काढला जाईल असं वरून सांगण्यात आलं. मागे घेतलेल्या त्या कागदात सायबर कॅफेबद्दल जे लिहिलं होतं ते माझ्या मते शब्दशः योग्य होतं. मास्क्ड आधार आजही मिळतं. त्यात बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. बऱ्याच कामांना ते पुरतं. काउंटरवर ते मागणारा मात्र मामाला अजून भेटलेला नाही.

मामाने त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं नाही, आणि करणारही नाही. लांबून पाठवणाऱ्याला दुसरा मार्ग नाही हे भाचीलाही मान्य आहे. मुंबईतला मुलगा गावच्या आईसाठी फॉर्मचे कागद पाठवतो, त्याच्याशी क्विक शेअर जुळत नाही. पण मामाने दोन गोष्टी केल्या. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड आणि गॅलरीत दिसणं बंद केलं, गूगलचा बॅकअप थांबवला. आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवर क्विक शेअर टाकून घेतलं. अँड्रॉइडवाला आला की तो आता आधी तेच दाबायला सांगतो. आयफोनवाल्याला वायर पुढे करतो. भाचीचं म्हणणं, एवढ्यावर भागत नाही, कामावरच्या मुलाला वेगळं लॉगिन दे. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

माझं मत विचाराल तर समोरासमोर असताना फोनमधलंच बटण आधी वापरावं. दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन असतील आणि घाई नसेल तर लोकलसेंड, मोठी फिल्म असेल तर वायर. फाइल पाठवायला जाहिराती दाखवणारं कुठलंही अ‍ॅप ठेवू नये, ते कितीही वेगवान असलं तरी. आणि झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप करणं भागच पडलं, तर प्रिंट हातात आल्यावर त्या चॅटमध्ये आपली फाइल दाबून धरा आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. ही सोय पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळच असते, तेव्हा घरी जाऊन करू म्हणू नका. त्याने कॉम्प्युटरवर उतरवलेली प्रत मात्र पुसली जात नाही. ती दुकानदाराला तोंडानेच सांगून, आपल्यासमोर पुसून घ्यायची, आणि रीसायकल बिनमधूनही.